रंगाखाली गेलेली जागा

चेन्नईजवळच्या ओरगडमच्या आसपास कारखाने उभे राहत होते, त्या वर्षांतली गोष्ट. तिथे सासऱ्यांची तीन एकर शेती होती आणि माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी लहान असलेला ट्रॅक्टर. आयुधपूजा झाली आणि पुढच्या तीन आठवड्यांत त्याची बॅटरी चार वेळा उतरली.

सासरे तंजावरच्या जुन्या मराठी घरातले. मला जावई न म्हणता तमिळमध्ये ‘माप्ळे’ म्हणायचे.

“माप्ळे, बेल्ट नवा, डायनामोचे कार्बन नवे, तरी धक्का मारावाच लागतो. रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय.”

ट्रॅक्टर गेला की शेतीही जाणार, हे सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं.

रविवारी सकाळी मी चेन्नईतल्या अड्यारहून मीटर घेऊन पोचलो, तर भंगारवाला ओट्यावर बसलेला. धक्का मारून इंजिन चालू केलं. डायनामोपाशी १४.१ व्होल्ट, बॅटरीवर १२.३. डायनामो वीज तयार करत होता, ती बॅटरीपर्यंत पोचत नव्हती. मग बॅटरीचं मायनस टोक आणि इंजिनाचं अंग यांच्यात मीटर धरला. तिथे जवळपास शून्य यायला हवं होतं; आलं १.७.

इंजिन बंद करून, बॅटरीचं मायनस टोक चासीच्या लोखंडाला जोडणारी अर्थिंगची पट्टी सोडली. खाली चकचकीत निळा रंग. दोन हात.

तो मीच दिला होता. पूजेसाठी ट्रॅक्टर रंगवताना एकही जागा सुटू नये म्हणून बोल्ट काढून, पट्टी बाजूला करून. तिथून वीज जायला उघडं लोखंड हवं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी तसं सांगून टाकलं.

सासरे एवढे हसले की त्यांना खाली बसावं लागलं. “इतकं नीटनेटकं काम करू नये, माप्ळे!”

सँडपेपरने लोखंड उघडं केलं, पट्टी आवळली. पुन्हा धक्का. १.७ चे ०.१ झाले, बॅटरीवर १३.९. दीड तास इंजिन तसंच चालू ठेवलं, मग बंद केलं.

“आता तुम्ही,” मी म्हणालो.

सासऱ्यांनी किल्ली फिरवली. पहिल्याच फटक्यात इंजिन धडधडलं. ते काही वेळ खाली उतरलेच नाहीत. मग ओट्याकडे वळून ओरडले, “कॉफी पिऊन जा हो! द्यायला आता तेवढीच आहे.”