बोट तिथं तोंड

रत्नमालाबाईंना किळस फार लवकर यायची. हा त्यांचा दुर्गुण आहे असं गल्लीचं मत होतं. बाईंचं मत असं की, किळस यावी असं सगळं भोवती पडलेलं असताना ज्याला ती येत नाही, त्याचं नाक एकदा तपासून घ्यायला हवं.

वाळूजच्या बजाजनगरात त्या काळी नाकाला काम भरपूर होतं. दुष्काळ एक वर्ष येऊन गेला असं वाटेपर्यंत दुसऱ्या वर्षी पुन्हा दारात हजर. जायकवाडी धरणानं तळ दाखवला होता. नळ घसा खाकरून गप्प बसायचा आणि गल्लीत टँकर यायचा, त्याच्या पाण्याला कधी गंजाचा वास, कधी कसल्यातरी रंगाचा. बायका तेच पाणी फडक्यानं गाळून हंडे भरायच्या. इमारती मात्र बिनदिक्कत वर चढत होत्या. प्यायला पाणी नाही तिथं सिमेंट कालवायला पाणी येतं कुठून, असं बाईंनी एका बिल्डरच्या माणसाला तोंडावर विचारलं होतं. तो नुसता हसला. त्या हसण्याची किळस बाईंना आठवडाभर पुरली.

आणि प्रत्येक नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक क्लास. फोनिक्स, अबॅकस, सुंदर हस्ताक्षर. 'महिनाभरात तुमचं मूल फाडफाड वाचेल.' फ्लेक्सवर गोरी गोरी परदेशी मुलं पुस्तक धरून हसताहेत आणि खाली बोअरवर भांडणं चाललेली.

बाई मूळच्या करमाडजवळच्या एका वाडीच्या. बापाची मेंढरं होती. घराण्यात पाटीला हात लावलेली पहिली पोरगी म्हणजे रत्नमाला. डी.एड. झाली, कंपनीत लेथवर काम करणाऱ्या पुंजारामांशी लग्न करून वाळूजला आली, आणि इथल्याच एका खासगी शाळेत बरीच वर्षं पहिलीला शिकवत राहिली. ती नोकरी तिनं एका दुपारी सोडली. शाळेत वाचन महोत्सव होता. पहिलीच्या मुलांकडून एकेक धडा आधी घोटून घेतलेला. मुलं मंचावर येत होती, पुस्तक उघडत होती आणि धडाधड म्हणून दाखवत होती. एका पोरानं पुस्तक उलटं धरलं होतं. तेही धडाधड म्हणून मोकळं झालं. पालकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्या आईनं डोळे पुसले, आणि रत्नमालाबाई खुर्ची मागं सारून फाटकाबाहेर पडल्या.

"काय झालं?" पुंजारामांनी घरी विचारलं.

"किळस आली."

पुंजाराम शहाणे होते. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

तेव्हापासून बाई स्वयंपाकघरात ओट्याजवळ चटई टाकून शिकवायच्या. एका वेळी एकच मूल. दोन का नाही, असं कुणी म्हटलं तर सांगायच्या, दोन बसवली की एक वाचतं आणि दुसरं त्याच्या आवाजाला लोंबकळतं. फ्लॅटमधल्या आया विचारायच्या, "फोनिक्स घेता ना?" बाई म्हणायच्या, "आवाज शिकवते. त्याला तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा."

योगिनी त्यांच्याकडे आली ती तिसरीत असताना. बाप खंडेराव, मूळ पाचोडचा, एका कारखान्यात कंत्राटावर. गावाकडे त्याची आई आवडाबाई चार शेरडं घेऊन एकटीच राहायची. योगिनी पहिलीत वर्गात सगळ्यांच्या पुढं होती. पुस्तक उघडलं की घडाघडा. तिसरीत धडे लांबले, वर्गातल्या बाई मधूनच विचारायला लागल्या आणि पोर मुकी झाली. आता शाळेनं सांगितलं होतं, दिवाळीच्या सुट्टीआधी मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याध्यापिका, एक पान वाचून घेतील. जमलं तर ठीक, नाहीतर दाखला घ्या. असं काढता येत नाही हा कायदा बाईंना ठाऊक होता आणि शाळेलाही. म्हणून शाळा कुणाला काढायची नाही. पालक आपल्या खुशीनं दाखला मागायचे, तसा अर्ज शाळाच लिहून द्यायची.

"इथून नाव कमी झालं तर पाचोडला धाडतो," खंडेरावनं पोरीसमोरच सांगितलं. "म्हातारीला सोबत व्हईल. शेरडं राखील. तिच्या डोक्यात नसंलच तर किती दिस ढकलायचं?"

योगिनी चटईच्या काड्या मोजत बसली होती.

बाईंनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलं आणि तिला दुसऱ्या धड्याचं चित्र दिसू दिलं. मग हळूच दोन पानं उलटली. योगिनी आधीचाच धडा म्हणत राहिली, स्वल्पविरामाला थांबत, प्रश्नचिन्हाला आवाज चढवत. पोरीचे कान सोन्याचे होते. ती दोन वर्षं कानांवर पास होत आली होती.

मग बाईंनी पाटीवर लिहिलं, कप.

योगिनीनं नीट पाहिलं आणि म्हणाली, "कमळ पतंग."

बाईंनी लिहिलं, नळ.

"नळ बाळ."

दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. बाईंना नाही आलं. क कमळाचा, प पतंगाचा, न नळाचा, ळ बाळाचा. भिंतीवरच्या तक्त्यानं शिकवलं ते पोरीनं इमानानं शिकून घेतलं होतं. तिच्या दृष्टीनं ती बरोबरच वाचत होती. लोकच काहीतरी भलतं वाचायचे, आणि ते कसं वाचतात हे तिला कुणी सांगायचं नाही, नुसतं रागवायचं. त्या क्षणी त्या तक्त्याची, तो टांगणाऱ्यांची आणि त्याखाली खुर्ची टाकून मोबाईल बघणाऱ्यांची बाईंना अशी शिसारी आली की त्यांनी उठून चूळ भरली. टँकरच्या पाण्यानं तोंड आणखीच कडवट झालं.

"तुझी आजी शेरडं हाकते कशी गं?" त्यांनी परत बसत विचारलं.

योगिनीला प्रश्न कळेना. हा अभ्यास होता की काय होतं?

"करून दाखव की."

"हुर्र्र," पोर लाजत म्हणाली.

"आणि थांबवायला?"

"च्, च्."

"पाण्यावर बोलवायला?"

योगिनीनं ओठ मिटले आणि सोडले. "प्र्र्र. प्र्र्र."

"यात कुठं कमळ हाय?"

"नाय."

"पतंग?"

"नाय."

"मग काय हाय?"

पोरीनं जरा विचार केला. "आवाज हाय नुसता."

"अक्षर म्हणजे तेवढंच. नुसता आवाज. आजी तोंडानं काढते, आपण पाटीवर काढतो." बाईंनी पुन्हा क आणि प लिहिले, लांब लांब. "हे दोन आवाज जवळ आण. आणखी जवळ."

योगिनीचे ओठ बराच वेळ हलत होते. मग ती पुटपुटली, "कप." आणि ओट्यावरच्या चहाच्या कपाकडे तिनं संशयानं पाहिलं, हा इतके दिवस इथंच होता तर बोलला का नाही, अशा नजरेनं.

पुढचं काम चेंगट होतं आणि ते चेंगटच असतं. काना, वेलांटी, उकार, एकेक आवाज ओळखीचा करत नेला. बाईंचा नियम एकच होता: बोट तिथं तोंड. बोट ज्या अक्षरावर आहे त्याच्या पुढं तोंडानं जायचं नाही. तोंड पळालं की थांबायचं आणि बोटापाशी परत यायचं. योगिनीची सवय पळायची, त्यामुळे सुरुवातीला ती रडायची. गणपती बसले तेव्हा ती शब्द वाचत होती, दसऱ्याला छोटी वाक्यं. प्र आला तेव्हा तिला सांगावंच लागलं नाही. "ही तर आजीची हाक हाय," ती म्हणाली. पण वाचन अजून खडीच्या रस्त्यावरून चालल्यासारखं होतं. प्रत्येक पाऊल बघून टाकायचं.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात खंडेराव एक झेरॉक्स घेऊन आला. शाळेतल्या शिपायाकडून त्याला पान कळलं होतं.

"बाई, यवढं एकच पाठ करून घ्या. लई हुशार हाय पाठांतराला."

"मी नाही घेणार."

"कशापायी?"

"दुसऱ्यानं चावलेला घास आहे हा. तो मी पोरीच्या तोंडात घालू? मला किळस येते."

खंडेराव वाईट माणूस नव्हता, पण दिवसपाळी करून आला होता आणि त्याचा तोल गेला. "तुमाला किळस येती आन माझी पोर गावाला जाती. तुमचं काय जातंय त्यात? तुमाला दुसरं पोरगं मिळंल." त्यानं कागद घडी करून खिशात घातला. "पोट तर भरतंय ना त्या घासानं?"

तो गेल्यावर बाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. भीती वाटत होती, आणि ती लपवण्यात अर्थ नव्हता. पोर खरं वाचत होती, पण हळू. हळू वाचणाऱ्याला या गावात कुणी वाचणारा म्हणत नाही.

खंडेरावनं पान घरीच घोटून घेतलं. योगिनीला दोन संध्याकाळी पुरल्या.

परीक्षेला त्यानं बाईंनाही बोलावलं, रागातच. मोठ्या मॅडमच्या खोलीत एसी होता आणि बाटलीबंद पाणी. टेबलावर पुस्तक उघडलेलं होतं, तेच पान.

"हं, वाच बेटा."

"डोंगराच्या कुशीत एक लहानसं गाव होतं," योगिनी एका दमात म्हणाली. मॅडमनी मान डोलावली. खंडेरावनं श्वास सोडला. पोर दुसऱ्या वाक्याला लागली, तेही सरसर आलं, आणि मग ती थांबली. तिचं बोट अजून 'डोंगराच्या'वरच होतं. तिनं बोटाकडे पाहिलं, मग रत्नमालाबाईंकडे पाहिलं, आणि बाईंनी मनात म्हटलं, जा पोरी, आज पळ, आजच्या दिवस पळ. ते त्यांनी खरोखर म्हटलं. एवढी सगळी किळस बाजूला ठेवून म्हटलं.

योगिनी पहिल्या शब्दापाशी परत आली. "डों. ग. रा. च्या. डोंगराच्या. कु. शी. त." बोट तिथं तोंड. एकही अक्षर चुकलं नाही. तिसऱ्या ओळीच्या आतच मॅडमनी हात वर केला.

"पहिलीत ही घडाघडा वाचायची. मला चांगलं आठवतं." त्या खंडेरावकडे वळल्या. "कुणाकडे लावलीत ट्यूशन? वाचन बिघडवून ठेवलंय मुलीचं."

रत्नमालाबाई पुष्कळ बोलल्या. ही वाचतेय, आधी वाचत नव्हती, दुसरं कुठलंही पान उघडून बघा. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. अर्ज लिहून तयार होता. खंडेरावनं सही केली आणि दाखला घेतला.

व्हरांड्यात तो पोरीवर वसकला. "पाठ व्हतं की समदं. मधीच कशाला थांबली?"

"बोट मागं राह्यलं, पप्पा."

त्यानं कपाळावर हात मारला. बाईंकडे तो बघतही नव्हता. पाचोडच्या बाजाराला जाणारी जीप सांगून ठेवतो, एवढंच म्हणाला, तेही मोटारसायकलच्या किल्लीकडे बघत. बाई मागून चालत होत्या. तोंडात थुंकी जमली होती आणि ती कुठं टाकावी हे कळत नव्हतं. सगळी फरशी चकचकीत होती.

फाटकापाशी दोन माणसं शिडीवर चढून नवा फ्लेक्स बांधत होती. मोठ्या मॅडमचा हात जोडलेला फोटो, मागं निळं आभाळ, ढगसुद्धा. खालची दोरी बांधायची राहिल्यामुळे फ्लेक्स फडफडत होता. योगिनी मान वर करून उभी राहिली. तिनं हवेतच बोट धरलं.

"न. वी. न. नवीन."

"चल," खंडेराव म्हणाला.

"प्र्र. वे. श. प्रवेश." तिथं ती जरा थांबली, तोंडातल्या तोंडात जुळवलं. "सु. रू. नवीन प्रवेश सुरू."

खंडेरावनं वर पाहिलं. मग पोरीकडे पाहिलं. "हे कुणी घोटून घेतलं तुझ्याकडून?"

"कुणी नाय. आत्ताच तर टांगलंय ना."

खंडेरावला चौथीपर्यंतचं वाचता येत होतं, एवढं समजायला ते पुरेसं होतं. त्यानं रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी दाखवली. योगिनीनं वाचली. हळू, बोटानं. त्यानं टँकरच्या पाठीवरची अक्षरं दाखवली. तीही वाचली. त्याचा चेहरा हळूहळू पडत गेला. दाखल्याचा कागद हातात घामेजला होता.

"पप्पा, प्रवेश म्हंजी काय?"

"आत घेणं," तो बोलून गेला.

योगिनीनं पुन्हा एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, आपण चुकीचं तर वाचलं नाही ना, म्हणून बोट शेवटच्या अक्षरापर्यंत नेलं.

"मग आपण भायेर कसं आलो?"

खंडेराव रत्नमालाबाईंकडे वळला, दिवसभरात पहिल्यांदाच. "जिल्हा परिषदेची शाळा कितीपस्तोर उघडी ऱ्हाती, बाई?"

"पाचपर्यंत," बाई म्हणाल्या, आणि फाटकाबाहेर येऊन थुंकल्या.