नगाऱ्यांत न बसलेलं हसू

बीडला एका छोट्या स्टुडिओत मी व्हिडिओचं एडिटिंग करतो. त्यातला बराच वेळ तयार संगीत ऐकण्यात आणि निवडण्यात जातो. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला नगारे, लग्नाच्या टीझरला व्हायोलिन. कुठे ठोका पडला की माणसाचं मोबाइलवरचं बोट थांबतं, हे मला कळतं असं सगळे म्हणायचे. मलाही ते पटलं होतं.

मग पुण्याच्या एका निर्मात्याने ऊसतोड करणाऱ्या बायकांवर माहितीपट केला आणि त्याचा ट्रेलर माझ्याकडे आला. त्यात धारूरकडची एक बाई होती. उतारावर उसाने भरलेली बैलगाडी सुटली, नवरा खाली पडला, तेव्हा तिने बैलाची वेसण धरून गाडी बांधाकडे वळवली होती. सांगता सांगता ती हसली होती. “बैलापेक्षा मीच जास्त वरडले,” म्हणाली होती.

मी नऊ ट्रॅक लावून पाहिले. एकात नगारे तिला बोलूच देईनात. एकात कोरस तिच्या आवाजावर चढत होता. पियानोचा एक त्यातल्या त्यात बरा होता, पण तो तिचं ऐकायच्या आधीच रडायला बसला होता. शेवटी संगीत न लावता, नुसता तिचा आवाज आणि बैलांची घुंगरं ठेवून पाठवलं. निर्मात्याने फोन करून शांतपणे सांगितलं की पहिल्या तीन सेकंदांत धडकी भरली पाहिजे, नगारेच लावा. मी लावले. त्यांत ते हसू बसेना, म्हणून तेवढं कापलं.

ट्रेलर आल्यावर आठवड्याभरात ती नणंदेला घेऊन एसटीने स्टुडिओत आली. तिला तो मोठ्या पडद्यावर बघायचा होता. बघून झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

“दादा, मी हसलेते, ते कावून काढलं?”

संगीतात बसत नव्हतं, असं मी सांगितलं.

“तवा मी भेले नव्हते. ह्याच्यात लई भेलेली दिसते.”

तिच्यासमोरच निर्मात्याला फोन लावला. ट्रेलर चांगला चाललाय, आता हात लावायचा नाही, असं तो म्हणाला. मग मी तिला मूळ चित्रीकरण दाखवलं. स्वतःचं बोलणं ऐकून ती हसली, नणंद तर डोळे पुसेपर्यंत हसली. तेवढं मोबाइलवर टाकून द्या, असं तिने मागितलं. परवानगीशिवाय काहीही बाहेर द्यायचं नाही, असं मी निर्मात्याला सही करून दिलं होतं. मी दिलं नाही. तिने पुन्हा विचारलंही नाही.

हंगामात एकदा कारखान्यावरून तिचा फोन आला. ट्रेलर बघून टोळीतल्या बाया तिचा हात धरून हळहळत होत्या. तेव्हा आपण भ्यालो नव्हतो, असं ती प्रत्येकीला सांगत होती.

“त्या म्हणत्यात, आमी सोत्ता बघितलंय की.”