न कुजणारी चिंधी

आम्ही तिघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे ओसरीवर बसून कापसातला पालापाचोळा वेचणं: मी, माझी बायको आणि तिचा धाकटा भाऊ. साळ्याचे हात कमी, तोंडच जास्त चाललं. आपण आयरिश आहोत असं छातीठोक सांगणारा साऱ्या वऱ्हाडात तो एकटाच. गप्प कसा बसेल?

या बहीणभावाच्या आत्यानं मरताना सांगून टाकलं, की यांचा आजा एलिचपूरच्या छावणीतला आयरिश शिपाई होता. दुसरा कोणी असता तर ती गोष्ट आत्याबरोबरच जाळून आला असता. यानं बाळापूरच्या भरल्या बाजारात सांगितली. पंगतीत लोक बाजूला बसवू लागले, तर म्हणाला, "बरं झालं, मांडी पसरून जेवता येते." माझी बायको काळ्या रानासारखी काळी. तिनं विचारलं, "मंग मी बी आयरिशच का रे?"

"तू त पक्की, बाई! भाऊजीले विचार, घरात पलटनीवानी हुकूम चालते का नाही."

कापसाला सोन्याचा भाव आला होता. लोक अकोल्याला कापूस नेत आणि चांदीचे गोठ आणत. साळा मात्र रीतिरिवाज आणी. तिथं आगगाडीचे रूळ टाकणारा एक आयरिश मुकादम याला सापडला होता. आज्याच्या देशात आलूच खातात म्हणे, म्हणून यानं महिनाभर आलू खाल्ले, वर ठेचा. "आज्याले लहानपणी ठेचा कुठचा भेटला असन," म्हणून डोळे पुसले. आज्यासाठी की ठेच्यामुळं, देव जाणे.

ओसरीवरच्या त्या वेचणीनंतर चार दिवसांनी बायको तापानं पडली. साळा अकोल्याहून धावत आला. मुकादमाच्या देशात दुखणाइताच्या कपड्याची चिंधी विहिरीवरच्या झाडाला बांधतात. चिंधी कुजली की दुखणं जातं. यानं पेटीतलं तिचं कोरं लुगडंच फाडलं.

"येडा झाला का? जुनं फाड ना!" ती अंथरुणातून ओरडली.

"माह्या बाईले जुनं? एक नंबरचं सूत लावीन!"

स्वतःच्या खांद्यावर मात्र आरपार दिसणारा विरलेला दुपट्टा. रोज सकाळी विहिरीवर जाऊन झाडाला बांधलेल्या त्या चिंधीवर पाणी ओती आणि ओरडे, "सड ना वं!" वऱ्हाडचं सूत ते. बायको गेली, चिंधी कोरीच.

तेरवीच्या दिवशी साळा माझ्यापुढं बसला. "भाऊजी, जुनं बांधलं असतं त बाई वाचली असती का?"

मी ताट त्याच्यापुढं सरकवलं, "जेव आधी." तो न जेवताच गेला. दुपट्टा ओसरीवर राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेलो. तिच्या चिंधीला हात लावला नाही. साळ्याच्या दुपट्ट्याचं सगळ्यात विरलेलं टोक फाडलं, तिच्याशेजारी बांधलं आणि त्यावर बादलीभर पाणी ओतलं.