मेडिकल कॉलवर सगळ्याला 'नाही' म्हणायचं, बास!

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी आमच्या पुंडलिकनगरच्या घरात हेल्थ इन्शुरन्सवरून महाभारत झालं. राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून इथे लिहितेय.

पप्पांचं छावणीत टेलरिंगचं दुकान आहे. युनिफॉर्म शिवण्यात हयात गेली, पण ना पेन्शन, ना कंपनीचा मेडिकल... उद्या आई-पप्पांपैकी कुणाला ॲडमिट करावं लागलं तर साठवलेलं सगळं एका फटक्यात जाणार. म्हणून वर्षभर मागे लागून लागून मी दोघांना पॉलिसीसाठी तयार केलं.

आता पॉलिसी घ्यायची कुणाकडून? मी बिचारी तीन-चार कंपन्यांच्या अटी वाचून बसले होते. पण पप्पांचे साडूभाऊ, म्हणजे माझ्या मावशीचे मिस्टर, एजंट आहेत ना! घरचा माणूस सोडून बाहेर गेलो तर पुढच्या लग्नात तोंड कसं दाखवायचं... विषय संपला.

काकांनी फॉर्म स्वतःच भरून कंपनीला पाठवूनही दिला आणि त्या रविवारी ते कॉपी घेऊन घरी आले. पप्पांना सहा वर्षांपासून शुगर आहे, रोज सकाळी गोळी असते, आणि फॉर्मवर काय, तर 'कोणताही आजार नाही'! मी विचारलं तर म्हणाले, "अगं, खरं लिहिलं की प्रीमियम वाढतो. आज कंपनीच्या डॉक्टरचा फोन येईल. सगळ्याला नाही म्हणायचं, बास."

मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. क्लेमच्या वेळी डॉक्टरची एक जुनी चिठ्ठी निघाली तरी हातात काही पडणार नाही, तोवर भरलेले हप्तेही पाण्यात.

"तुला लई कळतं," पप्पा म्हणाले. काका नुसतेच हसले.

तेवढ्यात फोन आला. पप्पांनी तो स्पीकरवर टाकला आणि टेबलावरची गोळ्यांची पट्टी पेपरखाली सरकवली. अहो, व्हिडिओ कॉल नव्हता तो... साधा फोन होता!

बीपी? नाही. शुगर? नाही. ऑपरेशन? नाही. पप्पा इतके रंगात आले की "हे तुम्ही स्वतःच बोलताय ना?" या प्रश्नालाही "नाही" म्हणून मोकळे झाले. काकांनी कपाळावर हात मारून घेतला.

माझा बांध फुटला. फोन ओढून घेतला आणि सांगून टाकलं, मॅडम, शुगर आहे, गोळी चालू आहे, फॉर्म चुकीचा भरलाय, दुरुस्त करा.

"तू कशाला मधी बोलायलीस?" पप्पा कडाडले. फोनवरच्या डॉक्टर मॅडम मात्र शांत. बरं झालं सांगितलंत म्हणाल्या आणि आता आईंना द्या म्हणाल्या.

आईची कुणाला काळजीच नव्हती. "हिला काय विचारायलेत? हिला कधी साधी सर्दी नाय," असं पप्पांनी आधीच जाहीर करून टाकलं.

आईनं पदराला हात पुसून फोन घेतला. बीपी नाही, शुगर नाही... सगळं पटापट झालं. मग मॅडमनी विचारलं, जिना चढताना दम लागतो का?

काका समोरून हातानं 'नाही, नाही' खुणावत होते. आईनं त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"व्हय," ती हळूच म्हणाली. "दिवाळीच्या आधीपासून लागतो. रात्री आडवं झालं की जास्त. दोन उशा घेऊन झोपते."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. आई रोज पहिल्या मजल्यावर शेजारणीशी गप्पा मारत थांबायची आणि आम्ही तिला त्यावरून चिडवायचो... गप्पा कसल्या, ती श्वास घ्यायला थांबत होती.

फोन ठेवल्यावर सगळ्यात जास्त मी तिच्यावरच चिडले. मला का नाही सांगितलंस?

"तू कंपनीतून दमून येतीस, हे दुकानातून. कधी सांगायचं?" आई म्हणाली. "त्या बाईनं एकएक करून नीट विचारलं, मग निघालं तोंडातून."

पप्पांची पॉलिसी झाली. प्रीमियम वाढला, शुगरशी संबंधित आजारांसाठी काही वर्षं थांबावं लागणार आहे, पण जे आहे ते खरं आहे. आईचा अर्ज मात्र कंपनीनं थांबवला, आधी तपासण्या करा म्हणाले. काका अजून फुगलेले आहेत. फुगू देत! तुम्हाला एवढंच सांगते, एजंट सख्खा असला तरी फॉर्म स्वतःच्या हातानं भरा.

तपासणीत आईच्या हृदयाची एक झडप खराब निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर कठीण होतं. सध्या गोळ्यांवर आहे, पण ऑपरेशन लागू शकतं आणि तो खर्च आमच्यावर येऊ शकतो. सरकारी योजनेत बसतंय का ते बघतेय... भीती वाटतेच.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी आईला त्रास विचारला आणि सवयीनं पप्पांनीच उत्तर द्यायला तोंड उघडलं. आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "थांबा ओ. मला विचारलंय."

फोनवरच्या त्या मॅडमचं नाव मी गडबडीत ऐकलंच नाही. मॅडम, तुम्ही माझ्या आईची पॉलिसी थांबवलीत... त्याबद्दल मनापासून आभार.