कोपऱ्यातलं फूल

शिप्रेकाठच्या रामघाटावर त्या संध्याकाळी सतार वाजत होती आणि समोरच्या भल्यामोठ्या पांढऱ्या पडद्यावर प्रोजेक्टरमधून इथल्या कारागिरीची रंगीत चित्रं पडत होती. घरोघरी केबल आली होती, तरी एवढं थोरलं चित्र आम्ही माधवनगरवाल्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या शेजारी एक म्हातारा बसला होता. बोटं नखांपर्यंत निळी, म्हणजे भैरवगढचा छपाईवाला. तबल्याच्या ठेक्यावर तो मांडीवर मूठ मारत होता, कापडावर ठसा मारतात तशी.

एवढ्यात पडद्यावर छापील चादर आली आणि त्याची मूठ हवेतच थांबली. तो ताडकन उठला आणि थेट प्रोजेक्टरच्या झोतात जाऊन उभा राहिला. पडद्याचा एक कोपरा त्याच्या सावलीने काळा झाला. लोक ओरडले, मीही ओरडलो, "अरे बाबा, बैठ जाओ!"

"बैठता हूँ बाबूजी, पहले ये चादर जाने दो. कोने का फूल टेढ़ा है. मेरे हाथ से लगा है."

मी सरकारी नोकरीतला माणूस. आमच्याकडे चूक कोणाची, हे शोधायला कमिटी बसते.

चित्र बदललं तेव्हा तो परत येऊन बसला.

"पीछे तक दिखा क्या?" त्याने हळूच विचारलं.

"नहीं तो," मी म्हणालो.

तो झोतापर्यंत पोचायच्या आत हत्तीएवढं ते फूल शिप्रेच्या पलीकडूनसुद्धा दिसून गेलं होतं.