एका अंगाला जड

आमच्या शेताच्या बांधाला लागून ज्याचं शेत आहे, त्या गृहस्थाला जगातली कुठलीही गोष्ट एका अंगाला झुकलेली चालत नाही. त्याचे आजे-पणजे बैलांवर गोण्या लादून मुलूखभर फिरले. दोन्हीकडची गोणी सारख्या वजनाची नसली की बैलाची पाठ सोलते, हे तांड्यात त्यानं लहानपणी इतकं ऐकलं की डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही. ट्रॉलीत भरलेली सोयाबीनची पोती तो उतरवून पुन्हा भरायला लावतो. पुसदच्या ऑटोत बसलेल्या लोकांना उठवून पुन्हा बसवतो. एकदा मला म्हणाला, "वैनी, तुमी मधात या. काठावर बसल्या त ऑटो दिग्रसकडेच वळन." सगळा ऑटो हसला. मी मधात गेले, कारण तो खोटं बोलत नव्हता.

त्याची मुलगी नागपुरात नोकरी करते आणि बोलिंग खेळते. जड गोळा घरंगळवून दहा बाटल्या पाडायच्या, असा तो खेळ. राज्याच्या संघाची निवड जवळ आली तेव्हा ती पगारातून घेतलेला स्वतःचा गोळा दाखवायला घरी आली. सिमेंटच्या खळ्यावर तिनं तो सोडला आणि तो अर्ध्यावर जाऊन डावीकडे वळला. बापाचं जेवण गेलं.

"बा, आत वजन मुद्दाम एका अंगाले बसवते," पोरगी सांगत होती. "तेल लावलेल्या फळ्यांवरून गोळा आधी घसरते, मंग वळते. तिरका शिरला का साऱ्या बाटल्या पडते. सरळ गेला त कोपऱ्यातल्या उभ्याच राह्यते."

"फसवलं तुले दुकानदारानं," बाप म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती मामाकडे मारेगावला गेली. यानं गोळा पाण्याच्या ड्रममध्ये टाकला. एवढा जड गोळा तरंगला, आणि कसाही फिरवून सोडला तरी तीच बाजू खाली जायची. "पाहा वैनी, चोर सापडला," म्हणत त्यानं वरच्या बाजूला भोक पाडलं, शिसं ठोकून भरलं, वरून लांबी भरून घासली, रंगही मिळवून लावला. गोळा सुतासारखा सरळ गेला.

"भाऊ, तिले इचारलं काय?"

"त्यात काय इचारायचं? तिचाच फायदा हाय."

पोरगी परतली ती गोळा पिशवीत टाकून नागपूरची एसटी गाठायलाच. दुसऱ्याच दिवशी निवड होती. तिथे गोळा सरळ गेला. पुन्हा सरळ गेला. कोपऱ्यातल्या बाटल्या उभ्या राहिल्या आणि तिची निवड झाली नाही.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मी तिथेच होते. तिनं गोळा बापापुढे ठेवला, लांबी नखानं खरवडली आणि म्हणाली, "बा, मी बैल हाओ काय?" मग चहा केला, बापाला दिला आणि गेली. गोळा ठेवून गेली.

त्यानं शिसं उकरून काढलं, पण उकरताना भोक मोठं झालं. आता रोज संध्याकाळी तो गोळा खळ्यावर सोडतो आणि मी पलीकडे पोतं टाकून अडवते.

"वळला काय, वैनी?"

"नाही."

"थोडासा?"

"भोकावर आला का डगमगते, भाऊ. ते वळणं नाही."

खोटं मला जमत नाही. परवा ऑटोत मी काठावर बसले, तर त्यानं मला मधात बोलावलं नाही. मला ते बरं वाटलं नाही. दिवाळीला पोरगी येते का पाहायचं. तो गोळा सोडतो तेव्हा हल्ली मी समोर उभी राहत नाही. जिकडे गोळा वळायला हवा, तिकडे थोडी सरकून उभी राहते.