कापलेल्या टेकडीचं पॅनल

डिझाइनच्या वर्गात आम्हा तिघांना मिळून प्लायवूडचं एक मोठं पॅनल दिलं. विषय, 'आपलं शहर'. मी लगेच म्हटलं, कात्रजची टेकडी. जेसीबीने अर्धी खरवडलेली, आतली तांबडी माती उघडी पडलेली. ती तशीच दिसली पाहिजे, कापलेली. नुसती गोड गोड टेकडी करायची असेल तर मी नाही.

गटात एकच मुलगा, त्याचे वडील त्याच भागात इमारती बांधतात. एके काळी तिथे त्यांची शेती होती. म्हणून पहिल्या दिवसापासून मी त्याच्यावर डोळा ठेवून होते. हा टेकडीला हिरवा रंग फासणार, मला खात्रीच होती.

मॅडमचा नियम असा की पॅनलवर पाळीपाळीने काम करायचं. दुसऱ्याचं पुसायचं नाही, वर चढवलं तर चालेल. माझा हात मोर्च्यांची पत्रकं लिहून घडलेला. पहिल्याच पाळीला रुंद ब्रशने, लाल रंगात, या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहून टाकलं: 'टेकडी कुणी खाल्ली?'

गटातली तिसरी सदाशिव पेठेतली. तिने मान तिरकी करून वाचलं.

"छान. खाली फोन नंबरही टाक. मोर्चाला माणसं कमी पडायला नकोत."

मुलाची पाळी आली तेव्हा तो पोतं घेऊन आला आणि माझ्या अक्षरांवर गोंद ओतून मुरूम थापायला लागला.

"झाकतोयस तू!"

"वर चढवतोय."

"कुठून आणलास?"

"साइटवरून."

म्हणजे टेकडीचाच. मी तडक मॅडमकडे गेले, ही सेन्सॉरशिप आहे म्हणाले. त्या म्हणाल्या, अजून एक पाळी बाकी आहे, थांब. थांबणं मला जमत नाही. शेवटची पाळी पेठेतलीची. तिने ओल्या मुरमातून जाड दातांचा कंगवा वरून खाली ओढला, पुन्हा ओढला. जेसीबीच्या दातांचे वळ उठले. माझं एकही अक्षर शिल्लक नव्हतं, त्याचा राग आजही आहे. पण टेकडी कापलेली दिसत होती. हिरवा ठिपकासुद्धा नव्हता. आता काळजी वेगळीच: प्रदर्शनाला पालक येणार होते.

त्याचे वडील आले. पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. बोटाने मुरूम खरवडून बघितला.

"आपल्या साइटचाच हाय का रं?"

"हो, अण्णा."

"झकास! सॅम्पल फ्लॅटमध्ये लावू, सोफ्याच्या मागं. लोकांना मातीचं लय कौतुक हाय आता."

आमची टेकडी, त्याच टेकडीवरच्या फ्लॅटमध्ये, शोभेला! माझं अख्खं पत्रक जिभेवर तयार होतं, पण मुलगाच आधी बोलला.

"नाही अण्णा. हे द्यायचं नाही."

"का? तूच केलंयस ना?"

"तिघांनी केलंय."

वडील आमच्याकडे वळले. "काय गं पोरींनो? लावू ना?"

"लावा की काका," पेठेतली म्हणाली. "फक्त हे वळ कसले ते गिऱ्हाइकांना सांगावं लागेल."

ते पुन्हा पॅनलकडे वळले. आता नीट बघितलं. हसू उतरलं.

"जेसीबीच्या बकेटच्या दातांचं हाय हे?"

"हो," मुलगा म्हणाला.

"घरी ये. मग बोलू."

ते गेले. मुलाचा चेहरा उतरला होता. मला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. माझ्याकडे फक्त घोषणा होत्या, त्या गिळल्या. एवढ्यात कुणाची तरी आई आली, पॅनलसमोर थांबली. "हे काय केलंय रे?"

"कात्रजची टेकडी," तो म्हणाला. नजर अजून दाराकडेच होती. "कापलेली."